शेवटच्या पंपाचं पत्र

ज्योत्स्ना उगेमुगेला माणसं वचकून असत, आणि त्यात तिचा फारसा दोष नव्हता. ती कोणावर आवाज चढवत नसे. समोरचा बोलत असला की चष्म्यावरून नुसती बघायची, आणि बोलणाऱ्याला आपल्याच वाक्यातली खोट आपोआप टोचू लागायची. देवळीला तिच्या वडिलांचं, सदाशिवरावांचं, किराण्याचं दुकान होतं. शाळा सुटली की ती तिथं पोत्यावर बसून गिऱ्हाइकांच्या थापा ऐकायची. पोकळ बोलणं तिला तेव्हापासून वासावरून कळे.

बारावीनंतर तिला प्रभाकररावांच्या टायपिंग क्लासात घातलं. प्रभाकरराव कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पानभर मजकूर बिनचूक निघाला तरी ते आधी स्वल्पविराम तपासत. स्वल्पविरामाच्या आधी जागा नाही, नंतर एक जागा, दोन नाही. ही एक गोष्ट त्यांनी तिच्या बोटांत अशी मुरवली की पुढं ती किराण्याची यादी लिहिताना, साखर आणि चहापत्तीच्या मध्येसुद्धा मोजून जागा सोडायची.

लग्न होऊन ती नालवाडीला आली. नवरा हरिदास, सायकल दुरुस्तीचं दुकान, स्वभावानं मऊ. सत्त्याण्णव साली तिला वर्ध्याच्या एका संस्थेत टायपिस्टची नोकरी लागली. संस्थेकडे पाण्याचा प्रकल्प होता. जिल्ह्यातल्या हातपंपांचं आणि विहिरींचं पाणी बाटलीत भरून आणायचं, तपासायचं, आणि पाणी खराब निघालं तर त्या गावाला पत्र टाकायचं: हे पाणी पिऊ नये, प्यावंच लागलं तर उकळून प्यावं, पंप दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवावा. पत्रावर संस्थेचे सचिव बंडूजी यांची सही. बंडूजी पांढरीशुभ्र खादी घालत, आणि पाण्यावर बोलायला उभे राहिले की समोरचा पाण्याचा जग रिकामा झाला तरी थांबत नसत.

चार वर्षं ज्योत्स्नानं ही पत्रं टाइपरायटरवर बडवली. प्रत्येक पत्र हातातून जाई, म्हणून प्रत्येक गाव ध्यानात राही. मग दोन हजार एक साली दिल्लीच्या मदतीतून संस्थेत संगणक आला, आणि त्याच्या पाठोपाठ नागपूरहून योगेंद्र आले.

योगेंद्रांचं वय असेल अठ्ठावीस. गळ्यात दोरीला अडकवलेलं ओळखपत्र. ते कोणत्या कंपनीचं होतं हे कोणाला कधी वाचता आलं नाही, कारण ते नेहमी उलटं फिरलेलं असे. त्यांनी प्रोग्रॅम लिहिला. काळ्या पडद्यावर ‘पत्र’ हा हुकूम द्यायचा, त्याच्यापुढं खराब पंपांचे क्रमांक स्वल्पविराम देऊन टाइप करायचे, की मागच्या खोलीतला प्रिंटर छापील नमुन्यावर गाव, तारीख आणि निकाल भरून पत्रं काढणार. हे कसं होतं असं बंडूजींनी विचारलं तेव्हा योगेंद्र हसले आणि म्हणाले, “सर, ये सब रेग्युलर एक्स्प्रेशन का कमाल है.” बंडूजींनी मान डोलावली. त्यांना समजलं नव्हतं, पण न समजलेल्या गोष्टीपुढं मान डोलावण्याचा त्यांचा सराव जुना होता.

उद्घाटनाला संगणकाला हार घातला. योगेंद्रांनी एक क्रमांक टाइप केला, मागच्या खोलीत प्रिंटर किरकिरला, आणि शिपाई मोतीलाल एक पत्र तबकात ठेवून घेऊन आला. टाळ्या वाजल्या. पेढे वाटले. एकच क्रमांक आणि एकच पत्र, यात संशय घ्यावा असं काही नव्हतंच.

खरं काम सुरू झालं तेव्हा ज्योत्स्नानं चार क्रमांक दिले. तिच्या बोटांनी सवयीनं प्रत्येक स्वल्पविरामानंतर जागा सोडली. संगणकानं छापायचं नाकारलं आणि पडद्यावर इंग्रजीत लिहिलं की वापरणाऱ्याची चूक आहे. तिनं पुन्हा दिलं, पुन्हा तेच. योगेंद्र आले, त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि सगळ्या कचेरीसमोर म्हणाले, “मॅडम, स्पेस कशाला देता? मशीनला वाटतं तिथं शब्द संपला. इतकं तरी यायला पाहिजे.” मग त्यांनी एक कागद छापून संगणकाच्या डोक्यावर चिकटवला: स्वल्पविरामानंतर जागा सोडू नये. खाली तीन उद्गारचिन्हं. येणारा-जाणारा तो वाचायचा आणि ज्योत्स्नाकडे बघायचा.

दहा वर्षांची सवय मोडायला तिला आठवडा लागला. मग क्रमांक चिकटून जाऊ लागले आणि पडद्यावर दर वेळी ओके उमटू लागलं. तिला बरं वाटलं, हे तिनं पुढं कधी नाकारलं नाही. एका दीडशहाण्या माणसाच्या यंत्रानं आपल्याला पास केलं याचं तिला बरं वाटलं होतं, आणि या गोष्टीची लाज तिला योगेंद्रांच्या कोणत्याही बोलण्यापेक्षा जास्त वाटत राहिली. यंत्रावर भरवसा नव्हता म्हणून दिलेला प्रत्येक हुकूम ती तारखेसह एका वहीत उतरवून ठेवायची. पण प्रिंटर मागच्या खोलीत, पत्रं पाकिटात घालायचं काम मोतीलालचं. पत्र आता तिच्या हातातून जात नव्हतं.

दोन हजार दोनच्या मार्चमध्ये एक बाई कचेरीत आली. समुद्रपूर तालुक्यातल्या करंजटोल्याची रामबाई मडावी. पन्नाशीची, सडसडीत, दोन बसगाड्या बदलून आलेली. टोल्यावर सगळी गोंडांची घरं. आपसात गोंडी बोलायची, बाहेरच्याशी वऱ्हाडी. तिनं पदराच्या गाठीतून एक चिठ्ठी काढली. संस्थेचा माणूस पाण्याची बाटली भरून नेताना पंपाचा क्रमांक लिहून देई, ती चिठ्ठी: २०७.

“बैलपोयाच्या टायमाले बाटली नेलती तुमच्या मानसानं,” ती म्हणाली. “तिचं काय झालं, ते इचाराले आली.”

ज्योत्स्नानं रजिस्टर उघडलं. २०७ पुढं लाल शाईनं ‘पिण्यास अयोग्य’ लिहिलेलं होतं. वहीत चौदा सप्टेंबरचा हुकूमही होता: 203,207,211,214. तिनं ठामपणे सांगितलं की पत्र पाठवलेलं आहे, सप्टेंबरातच.

“नाई आलं,” रामबाई म्हणाली.

ज्योत्स्नानं तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. रामबाई काही वचकली नाही. तिनं सावकाश सांगितलं की दिवाळीपासून टोल्यात कावीळ शिरली. तिच्या मुलाला, घनश्यामला, आधी झाली, तो उठला. मग सुनेला झाली. रिंकूला तेव्हा सातवा महिना होता. बैलगाडीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून जीपनं दवाखान्यात नेली. ती वाचली. लेकरू नाही वाचलं. डॉक्टरनं विचारलं, पाणी कुठलं पिता. तेव्हा रामबाईला बाटली आठवली.

ती हे सांगायला आली नव्हती, भांडायलाही नाही. पाणी चांगलं की वाईट एवढंच तिला हवं होतं. ज्योत्स्नानं ते सांगितलं. वाईट आहे, पंपाचं पिऊ नका. रामबाईनं चिठ्ठी परत पदरात बांधली आणि बस चुकू नये म्हणून निघून गेली.

ज्योत्स्ना उठून मागच्या खोलीत गेली. मोतीलालचं जावक रजिस्टर तिनं कधी पाहिलं नव्हतं. चौदा सप्टेंबरला एकच पत्र गेलं होतं, २१४ क्रमांकाच्या पंपाचं. एकवीस सप्टेंबरला तिनं सहा क्रमांक दिले होते. गेलेलं पत्र एक. दर तारखेला एक. तिनं मोतीलालला विचारलं, पाकिटं इतकी कमी कशी झाली हे तुमच्या ध्यानात आलं नाही का.

“आलं ना, ताई,” मोतीलाल म्हणाला. “मले वाटलं, पानी सुधरून राह्यलं.”

त्यावर हसणं तिला शक्य नव्हतं. तिनं परत येऊन तीन क्रमांक दिले, 31,47,52, आणि प्रिंटरपाशी जाऊन उभी राहिली. ५२ चं पत्र आलं. तिनं क्रम फिरवला, 52,31,47. आता ४७ चं आलं. पाच क्रमांक दिले, पाचव्याचं आलं. काहीही द्या, यंत्र शेवटचा पंप धरून ठेवत होतं, बाकीचे टाकून देत होतं आणि वर ओके म्हणत होतं. संध्याकाळपर्यंत तिनं वही आणि जावक रजिस्टर शेजारी ठेवून मोजलं. जुलैपासून त्रेचाळीस वेळा हुकूम दिलेला, त्यात एकशे सत्त्याऐंशी खराब पंप. पत्रं गेली त्रेचाळीस. एकशे चव्वेचाळीस ठिकाणची माणसं आपलं पाणी चांगलं समजून पीत होती, कारण वाईट असतं तर संस्थेचं पत्र आलं असतं.

बंडूजींनी योगेंद्रांना बोलावून घेतलं. ते चार दिवसांनी आले आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले की हा युजर एरर आहे, मॅडमनी पुन्हा स्पेस दिली असणार. ज्योत्स्नानं तीन क्रमांक जागा न सोडता टाइप केले, दोघांना प्रिंटरपाशी नेलं आणि निघालेलं एकुलतं एक पत्र बंडूजींच्या हातात दिलं.

योगेंद्रांनी ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली. “लॉजिक बिलकुल करेक्ट आहे,” ते म्हणाले. “मी डेमो दिला तेव्हा चाललं होतं.”

“तेव्हा क्रमांकच एक होता,” ज्योत्स्ना म्हणाली. “एकात पहिलाही तोच आणि शेवटचाही तोच.”

यावर योगेंद्रांनी इंग्रजीत पाच मिनिटं भाषण केलं. त्याचं सार असं, की रेग्युलर एक्स्प्रेशन ही फार खोल विद्या आहे, ऑपरेटर लोकांनी त्यात डोकं घालू नये, आणि पुढच्या आवृत्तीत आपण बघून घेऊ. पुढच्या आवृत्तीत पडदाही रंगीत असेल. रंगीत पडदा ऐकून बंडूजींचा चेहरा उजळला. एकशे चव्वेचाळीस गावांचा विषय चहाबरोबर गिळला गेला.

जाताना योगेंद्र आपलं एक जाडजूड झेरॉक्स केलेलं पुस्तक कपाटात तसंच ठेवून गेले. ते त्यांनी स्वतः पुरतं वाचलं नव्हतं, हे ज्योत्स्नाला लवकरच कळलं. पहिल्या चाळीस पानांवर डाग होते आणि पुढची पानं एकमेकांना चिकटलेली होती. ती रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून डिक्शनरी घेऊन बसू लागली. इंग्रजी तिचं बेताचं, पण टायपिस्टची नजर पक्की. लोक ज्याला भुताटकीची अक्षरं म्हणत, त्यातला प्रत्येक ठिपका आणि कंस तिला वेगळा दिसे. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे नुसता साचा आहे, हे तिला तिसऱ्या दिवशी उमगलं. आलेला मजकूर या साच्यात बसतो का, आणि बसला तर त्यातला कोणता तुकडा उचलायचा, एवढंच तो सांगतो. मग तिनं योगेंद्रांची फाइल उघडली. सगळी कमाल एका ओळीत होती:

^(?:(\d+),?)+$

\d+ म्हणजे लागून आलेले आकडे. पुढं स्वल्पविराम, असला तर. बाहेरचा कंस आणि त्यामागचं अधिक चिन्ह म्हणजे हेच पुन्हापुन्हा, ओळ संपेपर्यंत. इथपर्यंत ठीक. पण उचललेला आकडा ठेवायचा तो आतल्या कंसात, आणि आतला कंस एकच. साचा प्रत्येक फेरीत नवा आकडा त्यात टाकतो आणि आधीचा पुसून जातो. आठ गावं आत जातात, कंसात उरतं आठवं. हा धोका त्या पुस्तकातच छापलेला होता, एकशे बाराव्या पानावर. ते पान चिकटलेल्यांपैकी होतं. रामबाईच्या सुनेचं लेकरू आणि हे न उलगडलेलं पान यांच्यामध्ये फक्त एका माणसाचा आळस होता, आणि त्या माणसाला लोक सर म्हणत होते.

ज्योत्स्नानं कोणाची परवानगी मागितली नाही. मूळ फाइलची नक्कल बाजूला ठेवून तिनं ती ओळ काढून टाकली. हुकुमापुढं जे जे शब्द आले ते आधी स्वल्पविरामानं जोडायचे, म्हणजे मध्ये जागा पडली तरी बिघडत नाही. मग साधा \d+ एवढाच साचा, आणि त्याच्या शेवटी g हे अक्षर. म्हणजे एकावर थांबू नको, सापडतील तितके सगळे एकामागून एक उचलून यादीत ठेव. ओकेच्या जागी तिनं दोन आकडे छापायला लावले: क्रमांक किती मिळाले आणि पत्रं किती निघाली. या सगळ्याला तिला दोन आठवडे लागले, त्यातले बारा दिवस पुस्तक वाचण्यात गेले. मग तिनं संगणकाच्या डोक्यावरचा कागद काढून कचऱ्यात टाकला.

राहिलेली पत्रं पाठवायची का, हे तिनं बंडूजींना मात्र विचारलं. ते दचकले. एप्रिलमध्ये दिल्लीचे पाहुणे येणार होते. इतक्या जुन्या तारखांची पत्रं आता गेली तर लोक काय म्हणतील, संस्थेचं नाव काय राहील, आपण नव्यानं तपासणी करून पावसाळ्यानंतर बघू. “पाण्याचं काम संयमाचं असतं, ज्योत्स्नाताई,” ते म्हणाले.

“पिणाऱ्यांना कोणी विचारलं का, किती संयम आहे?” एवढं म्हणून ती बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं एकशे चव्वेचाळीस क्रमांक दिले. प्रिंटर दुपारपर्यंत किरकिरत राहिला. प्रत्येक पत्रावर तपासणीची जुनी तारीखही होती आणि आजचीही. लपवायचं तिनं काही ठेवलं नाही. बंडूजींच्या सहीचा शिक्का मोतीलालकडे असे. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, शाईची पेटी उघडली आणि एकामागून एक शिक्के मारायला बसला. एकशे त्रेचाळीस पाकिटं पोस्टात गेली. एक तिनं पर्समध्ये ठेवलं.

रविवारी ती आणि हरिदास बसनं करंजटोल्याला गेले. शेवटचे दोन मैल पायी, दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीचा उभा झाडोरा. रामबाईनं खाट टाकली, गूळ ठेवला. पाणी दिलं ते उकळलेलं होतं, हे तिनं मुद्दाम सांगितलं. वाचता येत नसल्यामुळं ती म्हणाली, बाई, तुमीच वाचा. ज्योत्स्नानं पत्र वाचलं. उशिराबद्दल दिलगिरी असं काही त्या छापील नमुन्यात नव्हतं. रिंकू दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

“हे तवा आलं असतं तं?” रामबाईनं विचारलं.

ज्योत्स्नापाशी यंत्राची गोष्ट तयार होती. कंस, शेवटचा आकडा, नागपूरचा माणूस, सगळं. उंबऱ्याशी उभ्या असलेल्या त्या पोरीसमोर त्यातलं काहीच सांगण्याजोगं वाटेना. “पाठवायचं काम माझं होतं,” ती म्हणाली. “मशीननं गेलं म्हणून सांगितलं, अन् मी मानलं. जाऊन पाह्यलं नाई.”

ठीक आहे असं रामबाई म्हणाली नाही. मग तिनं घनश्यामला हाक मारून गोंडीत काही सांगितलं. त्यानं हरिदासला विचारलं, पान्हा चालवता येतो का. दोघांनी मिळून पंपाचा दांडा काढला आणि रामबाईनं तो घरात नेऊन कोठीमागं उभा केला. परतीच्या वाटेवर हरिदासचे हात गंजानं लाल झाले होते.

पुढं व्हायचं ते झालं. साठेक सरपंचांची उत्तरं आली, त्यांतली काही संतापाची. आरोग्य खात्याची माणसं ब्लीचिंग पावडर घेऊन गावोगाव गेली. बंडूजींनी ज्योत्स्नाकडे लेखी खुलासा मागितला. तिनं एका पानात, तारखांसह, सगळं लिहून दिलं. तो खुलासा कोणत्या फायलीत गेला ते कळलं नाही. जूनमध्ये तिच्या नोकरीची मुदत संपली आणि वाढवून मिळाली नाही.

त्या वर्षीच्या अहवालाची एक प्रत मोतीलालनं तिला आणून दिली. गुळगुळीत कागद, बंडूजींचा रंगीत फोटो. नवव्या पानावर लिहिलं होतं की प्रकल्पाच्या संगणकीकरणामुळं गावांशी होणारा पत्रव्यवहार एका वर्षात चौपटीहून अधिक वाढला, आणि त्याचं श्रेय संगणकतज्ज्ञ श्री. योगेंद्र यांच्या कल्पकतेला जातं. आकडा बरोबर होता, त्रेचाळीसवरून एकशे सत्त्याऐंशी. तिनंच छापलेली पत्रं मोजून काढलेला होता. योगेंद्र तोवर पुण्याला मोठ्या पगारावर गेले होते. अहवालाचं ते पान त्यांनी अर्जाला जोडलं होतं म्हणे.

ज्योत्स्नानं देवळीला वडिलांच्या दुकानाच्या ओसरीत दोन संगणक टाकून क्लास काढला. नालवाडीहून रोज बसनं जाऊन येऊन ती तो चालवायची. पोरी जास्त यायच्या. पहिल्या दिवशी ती त्यांना सांगे की पडद्यावर काय लिहून येतं त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. उठा, कागद कुठं निघतो तिथं जा, आणि मोजा. करंजटोल्याला दुसऱ्या वर्षी वरच्या अंगाला नवा पंप झाला, तो ग्रामपंचायतीनं केला. रिंकूला मुलगी झाल्याचं तिला मोतीलालकडून समजलं. रामबाईनं स्वतः कधी निरोप धाडला नाही, आणि धाडावा असं ज्योत्स्नाला वाटलंही नाही.

दोन हजार सातमध्ये वर्ध्याच्या एका महिला मंडळानं तिचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, आणि अध्यक्षस्थानी आदरणीय बंडूजी. मंडळाच्या दोन बाया निमंत्रण घेऊन देवळीला आल्या आणि बंडूजींनी तिचं नाव किती कौतुकानं सुचवलं ते सांगू लागल्या. ज्योत्स्नानं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, पत्रिका हातात घेतली, तीत शुद्धलेखनाच्या पाच चुका दाखवल्या, आणि त्या दिवशी आपल्या क्लासात परीक्षा आहे, येता येणार नाही, असं सांगितलं. त्या दिवशी परीक्षा नव्हती. तिनं पोरींना सुट्टी दिली आणि दुपारभर घरी झोपली.